शून्य खरखर

बोलण्याच्या बाबतीत त्या घरात वाटणीच उरफाटी झाली होती. थोरल्याच्या वाट्याला शब्द आले ते अडून अडून, आणि धाकटीच्या वाट्याला दोघांचे मिळून आले. धाकटीला घरात टकळी म्हणायचे. चव्वेचाळिशी आली, कानापाशी केस पिकले, ऑफिसात हाताखाली चार माणसं आली, तरी घरात टकळी ती टकळीच.

थोरला म्हणजे दादा. त्याचं अडणं तत-पप करणाऱ्यांतलं नव्हतं. शब्द यायचा, ओठांच्या आत येऊन उभा राहायचा आणि तिथंच ठाण मांडायचा. मान ताठ, चेहरा लाल, फार तर पहिलं अक्षर निसटायचं आणि मग आवाज काही नाही. तीन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा. मग एकदाचा शब्द सुटला की पुढचं वाक्य तुमच्याआमच्यासारखं सरळ. दहा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर घड्याळ लावून बघा. समोरच्याच्या तोंडाकडे बघत दहा सेकंद गप्प बसून दाखवा. भल्याभल्यांना जमत नाही.

टकळीला तर दोन सेकंदही जमायचे नाहीत. तिच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. दादाचा शब्द अडला रे अडला की ती तो पुरा करून टाकायची. शाळेत दादाला पाढा विचारला तर शेजारच्या वर्गाच्या खिडकीतून ही ओरडून उत्तर द्यायची, आणि मग दोघंही बाहेर उभे. बुटांच्या दुकानात दुकानदारानं विचारलं, "कुठला रंग?" दादाचे ओठ मिटलेले, मान ताठ. टकळी म्हणाली, "निळा." निळे बूट आले, दादानं ते दोन वर्षं घातले. वहिनी तर अजून सांगते, "मला लग्नाचं यांनी विचारलंच नाही. विचारलं हिनं, आणि मी हो म्हटलं ते यांच्याकडे बघून." यावर सगळे हसतात. दादाही हसतो.

हे सगळं टकळी प्रेमापोटी करायची, यात शंका नाही. कुणी दादाची नक्कल केली तर अंगावर धावून जाणारी ती एकटीच होती.

पुढे दादा पोलादाच्या आवारात क्रेनवर लागला. लांबलचक तुळया, पाइप, पत्र्यांची गुंडाळी. ट्रक येणार, माल उतरणार, थप्प्या लागणार. एकसष्ट पायऱ्यांची शिडी चढून काचेच्या खोपट्यात बसायचं आणि दिवसभर खालच्या माणसांच्या डोक्यावरून टनाटनाचं वजन फिरवायचं. हात असा हलका, की तुळईच्या टोकानं टेबलावरचा कप सरकवून दाखवेल. बावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला ओरखडा उठला नव्हता.

आता क्रेनवाल्याला वरून खाली बोलावं तर लागतंच. त्यासाठी वायरलेस सेट होते, जुने, विटेएवढे. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. बटण दाबलं की सगळ्यांच्या सेटवर आधी खरखर यायची, मग आवाज. दादा बटण दाबायचा आणि त्याचा शब्द अडायचा. खाली नुसती खरखर ऐकू यायची. पण त्या आवारात बावीस वर्षांत एक रीतच पडून गेली होती. खरखर आली आणि शब्द आला नाही, की समजायचं, दादाला काही सांगायचंय. साखळी लावणारा हात थांबवायचा, दुसरा क्रेनवाला क्रेनचा दांडा सोडायचा, ट्रकवाला ब्रेक दाबायचा. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. शब्द पोचायच्या आधी आवार थांबलेलं असायचं.

ही रीत टकळीला माहीत नव्हती. ती आवारात कधी गेलीच नव्हती, आणि दादा कामावरचं घरी सांगणाऱ्यांतला नव्हता. पुढचं सगळं महाभारत त्यातून झालं.

टकळी वायरलेस सेट बनवणाऱ्या कंपनीत होती. लागली तेव्हा डाग द्यायच्या टेबलावर, सर्किटवर तारा जोडायला. जेवणाच्या सुट्टीत इतर बायका गप्पा मारायच्या, ही तोंडात घास ठेवून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक वाचायची. दोन वर्षांत साहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "हा प्रोग्रॅम चुकलाय, मी दुरुस्त केलाय." साहेब आधी भडकले, मग त्यांनी तो चालवून बघितला, आणि टकळीचं टेबल बदललं.

नव्या सेटचं काम तिच्याकडे आलं. जुन्या सेटवर एका वाटेवर, म्हणजे एका चॅनेलवर, एकच टोळी बोलू शकायची. नव्यावर आठ बोलायला हव्या होत्या. म्हणजे आवाज आवळायला हवा. प्रवासाला निघताना आपण कपडे दाबून बसवतो तसा बोललेला शब्द दाबून छोटा करायचा, हवेतून पाठवायचा, आणि पलीकडच्या सेटनं तो उलगडून ऐकवायचा. याचं गणित कुणा हुशार लोकांनी आधीच करून ठेवलेलं असतं; त्या तयार प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. लायब्ररी फुकट मिळते, पण वापरणाऱ्याचा घाम काढते. बोलण्याच्या एका सेकंदाचे ती पन्नास तुकडे करते आणि एकेक तुकडा आवळते. टकळीनं पहिल्यांदा प्रत्येक तुकड्यासाठी तो उलगडणारा प्रोग्रॅम नव्यानं तयार केला. आवाज आला तो गुळण्या केल्यासारखा. आठवडाभर डोकं आपटल्यावर कळलं, की उलगडणाऱ्याला मागचा तुकडा आठवत असावा लागतो. दर तुकड्याला नवा उलगडणारा म्हणजे दर शब्दाला नवा माणूस ऐकायला बसवण्यासारखं.

मग तिनं जागा वाचवायला सुरुवात केली. लायब्ररीत शांतता गाळायची एक सोय होती. ज्या तुकड्यात आवाज नाही, तो पाठवायचाच नाही. टकळीनं ती चालू केली आणि वर स्वतःची एक भर घातली: ओळीनं पन्नास तुकडे रिकामे आले, म्हणजे एक सेकंद गेला, की बोलणं संपलं असं समज आणि वाट दुसऱ्याला दे. बटण दाबलेलं असलं तरी. कारण लोक बटणावर अंगठा विसरतात. पलीकडे लायब्ररी रिकाम्या जागी बारीकशी खरखर आपणहून भरते, तीही तिनं शून्यावर आणली. ऑफिसातल्या बारा जणांकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं आणि त्यावर सगळं तपासलं. बाराही जण धडाधड वाचणारे. आवाज आरशासारखा लख्ख आला. साहेब इतके खूश झाले, की खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं: शून्य खरखर.

ते सेट दादाच्या आवारानं घेतले. टकळीनं घरी येऊन सांगितलं, "दादा, आता तुझ्या कानाशी माझा प्रोग्रॅम!" दादानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी, आवारातल्या मुकादमाचा कंपनीत फोन आला. "सेटवर अर्धाच शब्द येतो. माणूस पाठवा." माणूस म्हणून टकळी स्वतःच गेली. लॅपटॉप घेऊन, ऐटीत.

आवारात एक लांब तुळई तिरकी पडली होती आणि तिच्याखाली एका रिकाम्या हातगाडीचा चुरा झाला होता. मुकादम म्हणजे जाडजूड, शांत, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्यानं सांगितलं ते असं. तुळई मोठी, म्हणून दोन्ही क्रेननं मिळून उचलायची होती. दादाला वरून दिसलं, की पलीकडच्या टोकाची साखळी सरकतेय. त्यानं आपली क्रेन थांबवली, बटण दाबलं. पण दुसरा क्रेनवाला उचलतच राहिला. साखळी सुटली. हातगाडीवाला पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला.

टकळीनं सेटमधली नोंद काढून ऐकवली. एक "थ्" ऐकू आला, बोट कापल्यासारखा तुटलेला. त्यानंतर एक सेकंद काहीच नाही. त्यानंतर वाट बंद. नोंदीत पुढं स्पष्ट दिसत होतं: बटण आणखी सात सेकंद दाबलेलं होतं. सात सेकंद दादा बंद वाटेवर "थांब" म्हणायची धडपड करत होता.

"सेट बरोबर आहे ना?" मुकादमानं विचारलं.

टकळीनं नोंद पुन्हा पहिल्यापासून लावली.

"मग मला दुसरा इलाज नाही, बाई," तो म्हणाला. "तुमचा भाऊ आहे, ठाऊक आहे मला. त्याच्यासारखा हात मी दुसरा बघितला नाही. पण सेटवर ज्याचा शब्द येत नाही त्याला मी वर ठेवू शकत नाही. सोमवारपासून फाटकावर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायच्या."

"सेट बरोबर नाही," टकळी म्हणाली. "चूक माझी आहे. सोमवारच्या आत दुरुस्त करून आणते."

"शनिवारी सकाळी आवार रिकामं असतं," मुकादम म्हणाला. "तेव्हा दाखवा. नाहीतर सोमवारी फाटक."

बाहेर पडल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. साऱ्या जगात ही चूक करायचा हक्क इतर कुणालाही असेल. तिला नव्हता! चाळीस वर्षं ज्या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवली, त्याचा आवाज तपासायला घ्यावा हे तिला सुचलं नाही. बारा जण घेतले, तेरावा घरात बसला होता. आणि प्रोग्रॅमनं तरी काय केलं होतं? तो अडला की त्याला गप्प करून पुढं जायचं. हे ती सहा वर्षांची होती तेव्हापासून करत आली होती.

संध्याकाळी ती दादासमोर जाऊन बसली. तो खिडकीपाशी बूट पुसत होता. "मला तुझा आवाज हवाय," ती म्हणाली. "ऑफिसात ये. तू जसा अडतोस तसा अड. त्याच्यावर मी तपासणार."

दादानं मान हलवली. नाही.

"अरे, पण दादा, तुझी क्रेन..."

"त... " दादाचे ओठ मिटले. टकळीच्या तोंडात वाक्य तयार होतं: तिथं सगळे हसतील. ती त्याला उत्तरही देऊन गेली. "तिथं कुणी हसणार नाही रे, मी आहे ना!"

दादानं ब्रश खाली ठेवला. लाल चेहऱ्यानं, मान ताठ करून तो तसाच बसला, आणि शब्द सुटला तेव्हा म्हणाला, "तपकिरी."

"काय?"

"बूट. मला तपकिरी हवे होते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. कुणीच हसलं नाही. टकळीला रडू आलं आणि ती रडली, लपवायचं काही कारण नव्हतं. "मग दोन वर्षं बोलला का नाहीस?" तिनं विचारलं. दादानं खांदे उडवले. बोलायला वेळ कुणी दिला होता?

बुधवारी सकाळी मात्र तो ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, तपकिरी बूट. टकळीच्या टेबलासमोर बसला, माइक पुढं ओढला आणि वर्तमानपत्रातलं हवामान वाचायला लागला. शब्दागणिक अडला. टेबलाभोवतीच्या चौघांनी माना खाली घातल्या होत्या. अर्ध्या तासानं एकीनं मान वर केली आणि विचारलं, "दादा, उद्या ऊन आहे का नाही, तेवढं सांगाच." तेव्हा सगळे हसले, आणि दादा सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच्या आवाजावर टकळीनं प्रोग्रॅम सोलून काढला. एक सेकंदाचा नियम उपटला. बटण दाबलेलं आहे तोवर वाट त्याची. तीस सेकंदांनी बारीक शिटी वाजेल, अंगठा विसरला असेल त्याच्यासाठी. साहेब कडाडले, "आठ टोळ्या आहेत! एक जण वाट अडवून बसला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"आवाज जास्त आवळते. निम्म्या जागेत बसवते. म्हणजे एका वाटेच्या दोन होतात."

"आवाज बिघडेल."

"तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा येईल थोडा. शब्द कळेल. साहेब, ऐका तरी."

साहेब सेट घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. दादानं बटण दाबलं आणि अडला. दोन सेकंदांत पलीकडून साहेबांचं सुरू झालं, "हॅलो? हॅलो? अगं, बंद पडला हा!" आणि सेट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दादाचा शब्द सुटला तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

टकळीनं सेटमधली नोंद उघडून बघितली. वाट उघडी राहिली होती, शब्द गेला होता, सगळं गणित बरोबर होतं. आणि तरी काही उपयोग नव्हता.

दादा माइककडे बघत होता. "खरखर कुठंय?" त्यानं विचारलं.

"काढली ना ती. शून्य आहे."

"खरखर आली की..." तो अडला. टकळीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. जीभ दातांत धरली. चार सेकंद. सहा. "...की ते थांबतात," दादा म्हणाला. मग त्यानं तिला आवारातली रीत सांगितली. साखळीवाला, दुसरा क्रेनवाला, ट्रकवाला. सांगायला बारा मिनिटं लागली. ती एक अक्षर बोलली नाही. दादा इतकं सलग कधी बोललाय, हे तिला आठवेना.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "खोक्यावर छापलंय, शून्य खरखर! आणि तू आता ती परत घालणार?"

"घालणार. मुद्दाम घालणार. बटण दाबलेलं आहे तोवर पलीकडच्या प्रत्येक सेटवर खरखर वाजत राहील. हवेतून काही पाठवायलाही नको, पलीकडचा सेट स्वतःच वाजवेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर खोक्यावरचं तुम्ही ठेवा, मी जाते," टकळी म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, आणि एकोणीस वर्षांचा अनुभव असल्यामुळं पुढं काही बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी आवारात ऊन लख्ख पडलं होतं. दादा एकसष्ट पायऱ्या चढून खोपट्यात बसला. दुसऱ्या क्रेनवर दुसरा क्रेनवाला, खाली साखळी लावणारे दोघं, तीच तुळई. मुकादम आणि टकळी, माल उचलताना ओलांडायची नसते त्या पिवळ्या रेषेपाशी उभे. टकळीच्या एका हातात सेट, दुसऱ्या हातात लॅपटॉप. उन्हानं पडदा दिसेना, म्हणून ती पाइपांच्या थप्पीच्या सावलीत सरकली. साखळ्या लागल्या, माणसं बाजूला झाली. आता दादा "उचलतो" म्हणणार आणि तुळई वर जाणार.

खरखर आली.

साखळीवाले जागच्या जागी थांबले. दुसऱ्या क्रेनवाल्यानं दांडा सोडला. मुकादमानं वर बघितलं, मग टकळीकडे. "काय म्हणतोय?"

शब्द टकळीच्या जिभेवर होता. उचलतो. दुसरं काय म्हणणार? नुसतं सांगून टाकायचं, की झालं काम. अंगठा बटणापाशी गेला. तिनं तो मुठीत दाबून धरला. पाच सेकंद. सात. खरखर चालूच. मुकादमाच्या कपाळावर आठी पडली. नऊ. अकरा.

"टकळी," दादाचा आवाज आला, जरा रुमालातून आल्यासारखा, पण शब्दन्शब्द स्पष्ट. "रेषेच्या मागे हो."

तिनं खाली बघितलं. पिवळी रेष तिच्या टाचांच्या मागे होती, चांगली चार पावलं. ती थेट तुळईच्या फिरण्याच्या जागेत उभी होती. ती मागे सरली, सरता सरता अडखळली, मुकादमानं दंड धरून तिला रेषेपलीकडे ओढलं.

मुकादमानं वर खोपट्याकडे बघितलं. "फाटकावर मी दुसरा कुणीतरी बघतो," तो म्हणाला. "त्याला सांगा, सोमवारी वरच चढायचं. आणि आत्ता सांगा त्याला, की तुम्ही मागे झालात. तोवर तो उचलायचा नाही."

टकळीनं बटण दाबलं. तोंड उघडलं. जिची जीभ चाळीस वर्षं दोन माणसांपुरती चालली, तिच्या घशात शब्द येऊन उभा राहिला आणि सुटेना. पायाशी बघितलं तर रेष, वर बघितलं तर काचेमागे दादा, आणि मनात निळे बूट. आणखी काय काय निळं घेतलं असेल तिनं या माणसासाठी?

सगळ्या सेटवर खरखर वाजत होती. साखळीवाले थांबले होते. दुसरा क्रेनवाला थांबला होता. मुकादम थांबला होता. वर काचेमागे दादा दांड्यावरचा हात काढून, सेट कानाशी धरून बसला होता. त्यानं मधे एक शब्द घातला नाही.

"झाले मागे, दादा," शेवटी ती म्हणाली.

तुळई वर गेली.